कामाची बातमी : वऱ्हाडातल्या रोजगाराच्या दीडशे वर्षांच्या वाटा

गुढीपाडव्याच्या दिवशी वऱ्हाडात दोन वर्षं बदलतात. एक पंचांगातलं आणि दुसरं सालदाराचं. सकाळी गुढी उभी राहते, कडुलिंबाचा पाला आणि गूळ तोंडात पडतो, आणि दुपारपासून गावातल्या मोठ्या वाड्यांच्या ओसरीवर बोलणी सुरू होतात. वर्षभर बैलजोडी सांभाळायची, वखरणीपासून डवरणीपर्यंत सगळी मेहनत करायची, रात्री जागलीला जायचं. त्याच्या बदल्यात इतके रुपये, इतके पोते ज्वारी, एक घोंगडं, वहाणांचा एक जोड. बोलणं जमलं की इसार हातावर पडायचा आणि माणूस पुढच्या पाडव्यापर्यंत त्या घरचा व्हायचा. "औंदा कोनाच्या घरी हायेस?" असं दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, तर तू कुठे कामाला आहेस, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असायचा.

या व्यवहारात जाहिरात नव्हती आणि अर्जही नव्हता. पाडव्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस पारावर, गोठ्यात, आठवडी बाजारात एकच चर्चा चाले. कोणाचा सालदार सुटतो आहे, कोण दोन पोते जास्त द्यायला तयार आहे, कोणाच्या घरी भाकर पोटभर मिळते आणि कोणाच्या घरी शिव्या जास्त मिळतात. ज्याच्या अंगावर मागच्या सालाची उचल फिटायची राहिली असेल, त्याला यातली एकही गोष्ट ऐकून उपयोग नसे. त्याचं पुढचं साल आधीच विकलं गेलेलं असे.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या माणसांना काम कसं मिळत गेलं, याचा मागोवा घेऊ लागलं की पगार, कारखाने आणि कायदे यांच्याही आधी एक साधा प्रश्न समोर येतो. कामाची बातमी कोणाच्या हातात होती? ती कोणाला आधी कळायची, कोणाला उशिरा, आणि कोणाला कधीच नाही? गेल्या दीडशे वर्षांत वऱ्हाडात कामाची जी जी नवी वाट फुटली, तिच्या तोंडाशी ही बातमी सांगणारा किंवा अडवणारा कोणीतरी उभा होता. ही त्या वाटांची हकिकत आहे.

जन्माबरोबर आलेलं काम

सर्वांत जुन्या वाटेवर बातमीची गरजच नव्हती. सुताराचा मुलगा तिफण करायचा, लोहाराचा मुलगा विळ्याला धार लावायचा, न्हाव्याच्या मुलाच्या हाती वस्तरा यायचा. खळ्यावर रास पडली की प्रत्येकाचं बलुतं ठरलेलं. पाटीलकी आणि पटवारकीही घरातच फिरायची. गावात कोण काय करणार हे पाळण्यातच ठरलेलं असे.

या व्यवस्थेला पुष्कळांनी गोड रंगांत रंगवलं आहे. पण तळाशी असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं की तिचा खरा चेहरा दिसतो. महाराने वेशीवर पहारा द्यायचा, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याबद्दल घरोघरून जे हातावर पडेल ते घ्यायचं. काम शोधण्याची त्याला गरज नव्हती, पण काम नाकारण्याची मुभाही नव्हती.

याच व्यवस्थेत १८७६ साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात एका परटाच्या घरी डेबूजी नावाचा मुलगा जन्मला. वडील लवकर गेले. आई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, भावाच्या घरी आली. तिथे डेबूने मामाची गुरं राखली आणि मोठा झाल्यावर मामाची शेती कसली. तू काय करणार, असं त्याला कोणी विचारलं नाही. मामाचं घर आणि मामाची गुरं हेच त्याचं काम होतं. सावकाराच्या वहीने मामाची जमीन गिळली तेव्हा घाम गाळूनही जमीन का जाते, हे त्याने जवळून पाहिलं. १९०५ साली त्याने घर सोडलं, हाती खराटा घेतला, आणि दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणारे गाडगेबाबा महाराष्ट्राला मिळाले. बाबांनी आयुष्यभर मुलांना शाळेत घालायला सांगितलं. अक्षरशत्रू माणसाला सावकाराच्या वहीत काय लिहिलं आहे ते कळत नाही आणि गावाबाहेर कोणतं काम आहे तेही कळत नाही, हा धडा दापुऱ्याच्या शिवारात शिकलेला होता.

भोंगा आणि मुकादम

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला. जगाच्या एका टोकाला तोफा धडधडल्या आणि दुसऱ्या टोकाला पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० मध्ये त्या वेळी अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावला फाटा गेला आणि त्यापाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला.

रेल्वेने आधी काही कामं मारली. बैलांच्या पाठीवर माल लादून तांड्याने फिरणाऱ्या बंजाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाहतूक थांबली. घरोघरी हातरेच्यावर सरकी काढणाऱ्या बायांचं काम वाफेच्या यंत्राने घेतलं. तांडे थबकले, शेतमजूर झाले. मग त्याच रेल्वेने नवी कामं आणली. अकोला, अमरावती, खामगाव, अकोट, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव अशा गावांच्या कडेला जिन-प्रेसची धुराडी उभी राहिली. दसऱ्या-दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांची रांग लागायची आणि पहाटेच्या अंधारात भोंगा वाजायचा.

वऱ्हाडात कामाची बातमी पहिल्यांदा सर्वांना एकाच वेळी ऐकू आली ती या भोंग्यातून. तो पाटलाला विचारून वाजत नव्हता. महारवाड्यातही तो तितकाच स्पष्ट ऐकू येई. ज्यांना गावगाड्यात एकच ठरीव काम होतं, ती माणसं जिनच्या फाटकाशी येऊन उभी राहू लागली आणि रोजाची मजुरी रोख नाण्यांत घेऊ लागली. रेच्यांपुढे बसून कापूस घालणाऱ्या बायांची संख्या मोठी होती. सरकीची धूळ छातीत जायची, पाळी संपता संपत नसे, आणि हंगाम उतरला की फाटक बंद. तरीही गावाबाहेर एक जागा होती जिथे जातीने नेमून दिलेलं नसलेलं काम मिळत होतं, याचं मोल त्या माणसांनी ओळखलं होतं.

पण भोंगा सर्वांना ऐकू आला तरी फाटकातून कोणी आत जायचं, हे मुकादम ठरवायचा. माणसं आणणं, मोजणं, हाकलणं हे सगळं त्याच्याकडे. जो पाच माणसं घेऊन येतो त्याला आधी काम. ज्याने मुकादमाला सांभाळलं त्याचा रोज बुडत नाही. मुकादम आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक आधी घ्यायचा. त्यामुळे एकेका जिनमध्ये एकेका गावची माणसं दिसू लागली. 'मामा तिकडं हाय, तो लावून देईन' हे वाक्य वऱ्हाडात तेव्हापासून आहे.

पेढीवरची भरती आणखी निराळी. मारवाडी व्यापारी मुनीम नेमताना आपल्या मुलखातल्या, ओळखीच्या घरातल्या पोराला बोलावून घेत. तो बाशावर, म्हणजे मारवाडी खानावळीत, जेवायचा, गादीच्या कोपऱ्यात बसून वही शिकायचा आणि काही वर्षांनी स्वतःची पेढी टाकायचा. दुसरीकडे व्होलकार्ट आणि राली यांसारख्या परदेशी कंपन्यांचे खरेदीदार आले. त्यांना इंग्रजी पत्र वाचू शकणारा कारकून हवा होता आणि कापसाचा धागा बोटांत ओढून प्रत सांगणारा पारखीही हवा होता. पहिल्याला शाळेचा कागद लागायचा, दुसऱ्याला फक्त बोटांची अक्कल.

बाजाराने स्वतःचे व्यवसायही निर्माण केले. आडत्या, दलाल, मापारी, हमाल. १८८६ साली कारंजाला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने घ्यावे लागले. शेतकऱ्याची काट्यावर होणारी फसवणूक थांबावी हा हेतू होता, पण त्यातून एक नवी गोष्ट जन्मली : जन्माने किंवा मर्जीने न मिळता कागदाने मिळणारं काम. परवाना ज्याच्याकडे, माप त्याच्या हाती. हमालांना असं कायद्याचं कवच मिळायला मात्र १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला.

उमेदवार

आज निवडणुकीला उभा राहणारा किंवा परीक्षेला बसणारा जो कोणी, त्याला आपण उमेदवार म्हणतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कचेरीत हा शब्द वेगळ्याच माणसासाठी होता. इंग्रजी चार-सहा इयत्ता झालेला, सातवीचा दाखला असलेला एक तरुण रोज सकाळी कचेरीत यायचा. एखाद्या जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून त्याच्या नकला उतरवायचा, दप्तर लावायचा, तारखेचे पुकारे ऐकायचा. त्याला पगार नव्हता. कधीतरी एखादी जागा रिकामी होईल, साहेबाचं लक्ष जाईल आणि आपलं नाव लागेल, एवढी उमेद धरून तो बसलेला असायचा. म्हणून तो उमेदवार. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. घरून ज्याला पोसलं जात होतं त्यालाच हे परवडायचं. ज्याला संध्याकाळी मजुरी आणल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याच्यासाठी कचेरीचं दार उघडं असूनही बंदच होतं.

वऱ्हाडच्या कचेऱ्यांत आणि शाळांत सुरुवातीला बाहेरून आलेली माणसं पुष्कळ होती. पुणे-मुंबईकडे इंग्रजी शिक्षण आधी रुजलं होतं, त्यामुळे तिकडचे पदवीधर इथे वकील, मास्तर, मुन्सफ म्हणून आले. विष्णु मोरेश्वर महाजनी अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले आणि पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात वरच्या पदापर्यंत पोचले. धुळ्यात जन्मलेले रंगनाथ नरसिंह मुधोळकर वकिली करायला अमरावतीत आले आणि अमरावतीचेच झाले. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. वकिली आणि राजकारण करताना त्यांनी उद्योगधंदे आणि तांत्रिक शिक्षण यांचा पाठपुरावा केला, कारण शिकलेल्या प्रत्येकाला सरकार नोकरी देऊ शकणार नाही हे त्यांना त्या काळीच दिसत होतं. दादासाहेब खापर्ड्यांनी काही वर्षं सरकारी न्यायखात्यात नोकरी केली, १८९० च्या सुमारास ती सोडली आणि अमरावतीत वकिली थाटली. वऱ्हाडात त्यांचं वजन जे वाढलं ते त्यानंतर.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. शंकरन नायर अध्यक्ष आणि खापर्डे स्वागताध्यक्ष. त्या काळच्या काँग्रेसची एक कायमची मागणी होती : सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्या. म्हणजे भांडण होतं तेही नोकरीच्या वाटेचंच. परीक्षा लंडनला असेल तर बातमी मिळूनही काय उपयोग? समुद्र ओलांडायला पैसे कोणाकडे होते? आणि अमरावतीच्या मांडवाबाहेर, खेड्यातल्या कुणब्याच्या पोरासाठी तर अमरावतीच लंडनइतकी लांब होती.

त्या अधिवेशनानंतर दोनच वर्षांनी १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. विहिरी आटल्या, ज्वारी जळाली आणि हजारो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला बसली. अर्धपोटी माणूस कसाबसा जगेल इतकंच तिथे मिळे. ती सरकारची मेहेरबानी होती. माणसाचा हक्क व्हायला तिला आणखी पाऊणशे वर्षं लागायची होती.

वसतिगृहातून निघालेली वाट

१९२३ साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं ते हेच. तोवर वऱ्हाडच्या मुलाला पदवी हवी तर नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. कॉलेज जवळ आलं, पण खेड्यातून येणाऱ्या मुलाने राहायचं कुठे आणि खायचं काय? शहरात ज्याचा नातेवाईक नाही त्याची वाट एका खोलीपाशी अडत होती.

ही अडचण पापळच्या पंजाबराव देशमुखांनी ओळखली. १८९८ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा वैदिक वाङ्मयावरची ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतला होता. त्यांनी अमरावतीत स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने सर्व जातींच्या मुलांसाठी छात्रालय काढलं. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० च्या दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिच्या शाळा खेड्यापाड्यांत पसरल्या. या शाळांनी दोन प्रकारे काम दिलं. तिथे शिकून मुलं नोकरीला लागली आणि त्याच शाळांत मास्तर म्हणूनही लागली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांगर होता, त्या घरातून मास्तर निघाला की आसपासच्या दहा घरांना बातमी मिळे : आपल्यातलाही माणूस खुर्चीवर बसू शकतो.

त्याच शहरात १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न पेटला असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेसाठी आले. देवळाचं दार उघडण्याची ती लढाई होती, पण जमलेल्या माणसांना शाळेचं आणि कचेरीचं दारही तिथूनच दिसत होतं. १९४२ साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. ज्यांचं काम जन्माने ठरत होतं, त्यांच्यासाठी सरकारी हुकमाने उघडलेली ही मोठी वाट.

अमरावतीत आणखी दोन वाटा निघाल्या, ज्या दुसरीकडे सहसा दिसत नाहीत. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब, लाठी, लेझीम यांना शिक्षणाचं रूप दिलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय व्यायामप्रकार दाखवले. इथे तयार झालेले व्यायामशिक्षक देशभरच्या शाळांत गेले. अंग कमावलेल्या खेड्यातल्या पोराला त्याच्या अंगावरच पोट भरता आलं. दुसरी वाट डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात काढली. कुष्ठरोग झालेल्या माणसाला काम देणं तर सोडाच, त्याच्या सावलीलाही लोक घाबरत. तपोवनात त्या माणसांनी माग चालवले, सुतारकाम केलं, छापखाना चालवला. कामाची बातमी ज्यांच्यापर्यंत कधीच पोचणार नव्हती, त्यांच्या दारात काम स्वतः चालत गेलं.

कार्ड

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांना कामाला लावण्यासाठी १९४५ साली सरकारने सेवायोजन कार्यालयं काढली. खातं मजूरमंत्र्यांचं, म्हणजे तेव्हा आंबेडकरांचंच. स्वातंत्र्यानंतर ती सर्वांना खुली झाली आणि १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि मोठ्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणं सक्तीचं झालं.

मग वऱ्हाडच्या घराघरांत एक कार्ड आलं. मॅट्रिकचा निकाल लागला की मुलगा अकोल्याला किंवा अमरावतीला जाऊन 'एम्प्लॉयमेंटला नाव घालून' यायचा. ते कार्ड आई देव्हाऱ्यामागे किंवा लोखंडी पेटीत जपून ठेवायची. ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं. विसरलं तर सीनियॉरिटी गेली. पोस्टमन खाकी पाकीट घेऊन आला की 'कॉल आला' म्हणून गल्ली गोळा व्हायची. कार्डाबरोबर टायपिंग आलं. तालुक्याच्या प्रत्येक गावी एक इन्स्टिट्यूट, खडखडणारी यंत्रं, मराठी तीस, इंग्रजी चाळीस. आयटीआयची मुलं पारसच्या वीजकेंद्रात किंवा भुसावळच्या रेल्वेत अप्रेंटिस लागण्याची स्वप्नं पाहायची. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा ग्रेडर आणि हंगामी कारकून लागले. कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात होतंच, त्याचं नाव पंजाबरावांचंच.

या कार्डाने एक मोठी गोष्ट केली. नोकरीची बातमी ठेवण्याचं काम त्याने ओळखीच्या माणसाकडून काढून सरकारी नोंदवहीकडे दिलं. वाडा असो की झोपडी, नोंद तारखेच्या क्रमाने. पण रांग हलायची फार हळू, आणि नोंदवहीबाहेरच्या जुन्या वाटा बुजल्याही नव्हत्या. शब्द टाकणं, चिठ्ठी नेणं, आमदाराच्या बंगल्यावर पहाटे जाऊन बसणं चालूच राहिलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांतून भरती करणं पुरेसं नाही. जागा वर्तमानपत्रांतून आणि इतर मार्गांनीही जाहीर करा, म्हणजे जो पात्र आहे त्या प्रत्येकाला संधी मिळेल. तोवर अकोल्याच्या 'मातृभूमी'सारख्या स्थानिक दैनिकांतल्या जाहिराती कात्रीने कापून ठेवण्याची सवय घरोघरी लागलेलीच होती.

राज्याच्या पातळीवरही वऱ्हाडाची तक्रार कामाच्या वाटेचीच होती. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालय दूर मुंबईला गेलं. हे होण्याआधीच नोकऱ्या दूर जातील ही भीती ओळखून १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं वचन लिहिलं गेलं. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ मध्येही विदर्भासाठी राज्याच्या सेवांत पुरेशा संधीची तरतूद आहे. नोकरीची बातमी मुंबईत तयार होणार असेल तर ती अंजनगावच्या पोरापर्यंत वेळेवर पोचेल का, ही साधी काळजी त्या कलमांच्या मुळाशी आहे. ती अजून मिटलेली नाही.

मागेल त्याला

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र पुन्हा खडी फोडायला बसला. पण या वेळी वि. स. पागे यांनी मांडलेली एक कल्पना हाताशी होती : काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य मानायचं. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाने हाच विचार उचलला.

आतापर्यंतच्या सगळ्या वाटांपेक्षा ही वाट मुळातच वेगळी होती. पाडव्याला, भोंग्याला, कचेरीला, कार्डाला माणूस काम आहे का, असं विचारत गेला होता. इथे त्याने अर्ज भरून सांगायचं, मला काम पाहिजे, आणि ते पंधरा दिवसांत शोधून देण्याची जबाबदारी सरकारची. बातमी शोधण्याचं ओझं पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूला गेलं.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात या हमीची गरज सर्वांत जास्त आहे. इंग्रजांनी इथलं जंगल राखीव केलं तेव्हा कोरकू आदिवासींना वनग्रामात वसवून त्यांच्याकडून जंगलाची कामं करून घेतली. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, कूपतोड आटली आणि ती कामंही गेली. खरीप निघालं की धारणी-चिखलदऱ्याची कुटुंबं पाट्या-विळे, भांडी आणि लेकरं घेऊन खाली उतरतात : अचलपूर-परतवाड्याच्या संत्रा बागांत, हरभऱ्याच्या शेतांत, शहरातल्या बांधकामांवर, थेट दुसऱ्या जिल्ह्यांत. नेणारा मुकादमच, आणि तो उचल देऊनच नेतो. होळीला मात्र कोरकू कुठेही असला तरी घरी परततो. त्या दिवसांत घाट चढणाऱ्या एसट्यांत पाय ठेवायला जागा नसते. गावातच हमीचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी वेळेवर हाती पडली तर यातली कितीतरी लेकरं शाळेतून उठणार नाहीत. कायदा चांगला आहे. तो प्रत्येक पाड्यावर वेळेवर पोचला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

रात्रीची ट्रॅव्हल्स

आज संध्याकाळी अमरावतीहून आणि अकोल्याहून पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या रांगा लागतात. हातात बॅग, बॅगेत आईने दिलेला डबा, मोबाईलमध्ये गावच्याच एखाद्या दादाचा पत्ता. 'ये पहिले, रूमवर राय, मंग पाहू.' हिंजवडीत किंवा चाकणला आधी गेलेला तो दादा हाच आजचा मुकादम आहे, फक्त तो माणूस लावून देण्याची दस्तुरी घेत नाही. एका खोलीत सहा जण राहतात, एकाला लागलं की तो दुसऱ्याचा रेझ्युमे पुढे पाठवतो.

जे गेले नाहीत ते अभ्यासिकेत बसलेले आहेत. पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली आणि रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हे अमरावतीचं आता रोजचं चित्र. मध्यंतरी डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं, हजारोंनी पदविका घेतल्या आणि मग शिक्षकभरतीच थांबली. खासगी संस्थांत जागेसाठी लाखो रुपये मोजल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात ऐकू येत. त्याला आळा म्हणून २०१७ मध्ये गुणांवर चालणारं पवित्र पोर्टल आलं. जाहिरात आता मोबाईलवर एका क्षणात येते. बातमी सर्वांना मिळते. जागा मात्र मोजक्याच असतात. शंभर वर्षांपूर्वीचा उमेदवार कचेरीत बिनपगारी बसायचा, आजचा अभ्यासिकेत महिन्याची फी भरून बसतो. दोघांच्याही मागे घरचं कोणीतरी राबत असतं.

शहराच्या चौकातल्या ठिय्यावर सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. गाडी थांबते, बोट दाखवलं जातं, चार जण बसून जातात. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापड कारखाने आले आहेत आणि २०२३ मध्ये तिथे मोठं वस्त्रोद्योग पार्क जाहीर झालं आहे. कच्च्या गाठी बाहेर पाठवत आलेल्या या मुलखात कापसाचं कापड इथेच होईल, आणि त्याची कामं इथल्याच पोरांना मिळतील, ही आशा मुधोळकरांच्या काळापासून वऱ्हाडाने उराशी धरली आहे.

आणि पाडवा? तो अजूनही येतो. पण सालदार मिळेनासा झाला आहे. त्याचं साल लाखाच्या पुढे गेलं आहे आणि त्याची मुलं ट्रॅव्हल्सने पुण्याला गेली आहेत. आता पाडव्याच्या आधी शेतमालकच मोटारसायकल काढतो, दोन-चार गावं फिरतो, संध्याकाळी एखाद्या घरासमोर थांबतो आणि अंगणातल्या माणसाला विचारतो, "भाऊ, औंदा आमच्याकडं येतो का?" त्या माणसाच्या आजाला ओसरीच्या पायरीखाली उभं राहून बोलणी करावी लागली होती. नातू मात्र बसायला बाज टाकतो, चहा सांगतो आणि म्हणतो, "पाहू, उद्या सांगतो."

उद्या सांगतो, असं म्हणता येणं ही त्याची कमाई आहे. पारावरच्या कुजबुजीपासून भोंग्यापर्यंत, भोंग्यापासून कार्डापर्यंत आणि कार्डापासून हमीच्या कायद्यापर्यंत वऱ्हाडचा माणूस जे मागत आला ते हेच होतं. अभ्यासिकेत बसलेल्या त्याच्या पोरीलाही एक दिवस ते म्हणता आलं पाहिजे.